मीरा रोडपर्यंतची जागा

आत्या कामाला जायच्या त्या गाळ्यातली लता बातमी सांगायला आली तेव्हा मी माझ्या तान्ह्या श्रावणीच्या पायावर प्लास्टिकची पिशवी बांधत होते. तिच्या उजव्या पायाला प्लास्टर होतं, मांडीपासून पार बोटांपर्यंत, ते भिजू नये म्हणून दुपारचं पाणी आलं की आधी पिशवी बांधायची आणि मग ओल्या फडक्याने बाकीचं अंग पुसून घ्यायचं, असं आमचं रोजचं चाललेलं. लता दारात उभी राहिली. मी म्हटलं, "काय गं, आत्या डबा विसरल्या का?" कारण डबा राहिला की लताच यायची न्यायला. ती बोलली, "डबा खाल्ला त्यांनी..." आणि पुढे रडायलाच लागली. डबा खाऊन आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, बायकांना वाटलं डोळा लागला, हाक मारायला गेल्या तर मान एका बाजूला. बस्स. एवढंच. कोणाला एक शब्द नाही, पाणी द्या नाही, काही नाही. मी पिशवीची गाठ मारतच होते, परत सोडत होते, परत मारत होते. आणि मला पहिलं काय आठवलं सांगू? शुक्रवार. मेलं माणूस मंगळवारी आणि मला आठवला शुक्रवार. कारण शुक्रवारी श्रावणीचं प्लास्टर बदलायचं असायचं आणि हॉस्पिटल होतं पार दादरला उतरून पुढे, आणि आत्यांशिवाय मी ट्रेनमध्ये पाय ठेवला नव्हता.

आत्या म्हणजे माझ्या मिस्टरांच्या आत्या, सासऱ्यांच्या मोठ्या बहीण. त्यांचं सासर माहेर दोन्ही म्हसळ्याकडचं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, मग त्या भाईंदरला आल्या आणि पातेल्यांच्या गाळ्यात पॅकिंगला लागल्या. पॉलिश होऊन आलेली पातेली पुसायची, कागदात गुंडाळायची, एकात एक घालून बांधायची. त्यामुळे त्यांच्या बोटांच्या रेघा कायम काळ्या, कितीही घासल्या तरी. भाईंदरमधलीच ही गोडदेवची खोली त्यांची. लोक म्हणायचे भाच्याने आत्याला ठेवून घेतलंय, खरं म्हणजे आत्याने आम्हाला ठेवून घेतलं होतं. मी मंडणगडची, सातवी शिकलेली, लग्न होऊन आले तेव्हा या खोलीतून नळावर आणि नळावरून खोलीत एवढंच माझं. मिस्टर हार्डवेअरच्या दुकानात, त्यांना सुट्टी सोमवारी. आणि गाळ्यांना सुट्टी शुक्रवारी. शुक्रवारी आत्या सकाळी केस धुवायच्या, धुतलेली साडी नेसायच्या, खिळ्यावरची निळी चौकडीची पिशवी काढायच्या आणि जायच्या. कुठे जातात विचारलं तर मिस्टर हसून बोलले, "आत्या मुंबई बघायला जाते. दर शुक्रवारी एक स्टेशन."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण खरंच होतं. मागे कधीतरी गावाला गणपतीत कोणीतरी आत्यांना विचारलं होतं, मुंबईला असतेस तर मुंबई कशी आहे सांग, आणि आत्यांना काही सांगताच येईना. "एवढी वर्षं झाली गो," त्या मला सांगत होत्या, "आणि मला ठावं काय, तर गाळा आणि फाटक. लाज वाटली मला. मी काय मुंबईला आले, मी तर पातेल्यात आले." तेव्हापासून त्यांनी पास काढला आणि दुपारच्या रिकाम्या गाडीने जायला लागल्या. पासाला कोणी अडवत नाही, कुठेही उतरा. त्यांचा नियम एकच. नुसतं फलाटावर उतरलं तर ते उतरणं नाही. बाहेर यायचं, स्टेशनच्या बाहेरचा एक चहा प्यायचा, कोणाशी तरी दोन शब्द बोलायचं, मग ते स्टेशन आपलं. संध्याकाळी घरी आल्या की सांगायच्या. गोरेगावचा चहा पातळ. माहीमला एका बाईने बसायला स्टूल दिलं. चर्नी रोडला जिना उतरलं की समोर समुद्र, "एकदम! दार उघडल्यासारखा!" खार रोडला त्या उतरल्या तेव्हा मिठागर कुठे आहे म्हणून विचारत फिरल्या होत्या, कारण आमच्या भाईंदरला मिठागरं, त्यांना वाटलं खार म्हणजे तिकडे तर मिठाचे डोंगरच असणार. रिक्षावाला त्यांना बोलला, "आजी, मीठ पाहिजे तर दुकानात जा." हे त्या स्वतःच सांगायच्या आणि स्वतःच हसायच्या. आमच्या सासूबाई कधी गावाहून आल्या की मात्र टोमणा ठरलेला. "झाली का मुंबई बघून? किल्ली घेऊन आलात का मुंबईची?" आत्या पिशवी खिळ्याला लावायच्या. कुठे उतरलात, असं सासूबाईंनी कधी विचारलं नाही.

श्रावणी झाली तेव्हा तिचा पाय आत वळलेला होता. तळवा वर, बोटं आत, जशी काय कोणी मुरगळून ठेवलीय. मी रडून रडून दूध आटायची वेळ आली. डॉक्टर बोलले घाबरू नका, दर आठवड्याला प्लास्टर घालून थोडा थोडा सरळ करू, मग टाचेला एक छोटा काप, मग बूट. पण एकही आठवडा चुकवायचा नाही, चुकवला की पाय परत आत वळतो. आणि वार कुठला दिला, तर शुक्रवार. मिस्टरांना दर शुक्रवारी खाडे करणं शक्य नव्हतं. आत्या बोलल्या, "मी नेतीन. माझी सुट्टीच हाय." मी बोलले, आत्या मला ट्रेनची भीती वाटते. ती गाडी नि फलाटामधली फट, हातात पोर, गाडी सुटली तर, मी चढले आणि तुम्ही खालीच राहिल्या तर, आणि त्या गाड्यांमध्ये स्फोट झाले होते तेही डोक्यातून जात नव्हतं, आपल्या मीरा रोड भाईंदरच्याच माणसांना घेऊन चाललेल्या गाड्या त्या. मी हे सगळं एका दमात बोलले. आत्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "झालं? आता चप्पल घाल."

त्या दिवशी त्यांनी मला हॉस्पिटलला नाही नेलं. उलट्या बाजूला नेलं, विरारकडच्या गाडीत बसवलं आणि पुढच्याच स्टेशनावर, नायगावला उतरवलं. मध्ये खाडी. पुलावर गाडी आली तशी मी डोळे मिटून श्रावणीला घट्ट धरलं. आत्या बोलल्या, "डोळे उघड, पाणी बघ, ते काय तुला खात नाय." मी एकच डोळा उघडला. बायका खिडकीतून निर्माल्याची पुडी सोडत होत्या, खाली एक होडी चाललेली, आणि लांबवर सगळं चकचकीत, पातेल्यासारखं. नायगावला बाहेर येऊन चहा प्यायलो, माझा अर्धा तर सांडला. परत आलो. भाईंदरला उतरल्यावर आत्यांनी मला पाठीवर थाप मारली. "चढलीस, उतरलीस, चढलीस, उतरलीस. मेलीस काय?" मी म्हटलं, नाही. "मग दादर म्हणजे हेच. फक्त मधी खूप स्टेशनं."

असे आमचे शुक्रवार सुरू झाले. त्यांची पद्धत होती. आधी पिशवी चढते, मग पोर, मग आपण. पुढे आत्या चढायच्या, खिडकीजवळ जागा धरायच्या आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवायच्या माझ्यासाठी. कोणी विचारलं की सांगायच्या, "सून येतेय." मी तर त्यांच्या मागेच उभी असायची, तरी तसंच सांगायच्या, मला लय बरं वाटायचं ते. श्रावणीचा प्लास्टरचा पाय ठेवायला त्यांनी जुन्या साडीची छोटी उशी शिवली होती, ती पिशवीत. दुपारची गाडी म्हणजे पंखे घरघरतायत, डब्यात चार बायका, एक भाजी निवडतेय, एक झोपलीय. आत्या मला खिडकीतून स्टेशनं दाखवायच्या, जशी काय आपली नातेवाईकच. हे मालाड, ह्याच्या बाहेर वडा बरा. हे पार्लं, आता वास घे, बिस्किटाचा वास येतो बघ, आणि खरंच यायचा. सगळं खरं असायचं असं पण नाही हं, एकदा त्यांनी मला जोगेश्वरी सांगून अंधेरीला उतरवलं आणि वर मलाच ओरडल्या की तू मला बोलण्यात गुंतवलंस.

हॉस्पिटलमधून परत येताना एक स्टेशन उतरायचंच. श्रावणी नवीन प्लास्टर घालून दमून झोपलेली, मला घर दिसत असायचं, मी म्हणायची, आत्या सरळ घरी जाऊ या ना. त्या म्हणायच्या, "पोरीचा पाय कशाला सरळ करतोय आपण? घरी बसायला?" तशी मी पण बघितली मुंबई, त्यांच्यामागून, पोर छातीशी धरून, पदर दातात. सांताक्रूझच्या बाहेर मी पहिल्यांदा स्वतः चहा मागितला, हिंदीत, "दो कटिंग देना," आणि त्या माणसाने काही न विचारता दिला. मला एवढं आश्चर्य वाटलं. असं मागायचं आणि मिळतं.

एकदा मी त्यांना विचारलं, तुमचं कुठलं स्टेशन राहिलंय का आता? त्यांनी बोटांवर स्टेशनं मोजली आणि त्यांनाच हसू आलं. "मीरा रोड." मी म्हटलं, काय सांगता, आपल्या बाजूचं? "मग काय! जाताना वाटतं, आत्ताच तर बसलो, कशाला उतरायचं. येताना वाटतं, आता घर आलंच, कशाला उतरायचं. जवळचं तसंच राहून जातं गो." मग म्हणाल्या, "जाऊ एकदा. ते काय पळून जातंय."

मंगळवारी त्या गेल्या. सासूबाई, सासरे, भावकीतले लोक बुधवारी पहाटेच्या एसटीने आले. अग्नी मिस्टरांनी दिला, दिवसही तेच करणार, त्यामुळे त्यांना घर सोडता येणार नव्हतं. आणि घरात वाद सुरू झाला की सुतक किती. सासऱ्यांचं म्हणणं, ती लग्न झालेली बाई, माहेरच्यांना तीन दिवसांचंच. भावकीतल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं, याच घरात राहिली, भाच्याने अग्नी दिला, म्हणजे दहा. मी आत चुलीशी, म्हणजे गॅसशी, कान देऊन ऐकत होते. कारण तीन असले तर शुक्रवारी मी मोकळी. दहा असले तर शुक्रवार गेला. गुरुवारी दहा ठरले. सासूबाई मला बोलल्या, "एक आठवडा नाही गेलीस तर काय होतं? पायच आहे ना, आणि आहे तो प्लास्टरमध्ये." मी डॉक्टर काय बोलले ते सांगितलं. त्या बोलल्या, "डॉक्टरला सुतक नसतं, आपल्याला असतं. घरात दिवा जळतोय आणि तू पोर घेऊन मुंबईभर? लोक काय बोलतील? आणि जाणार कोणाबरोबर? जी नेत होती ती गेली."

हे शेवटचं खरं होतं. मला तर एक मन म्हणत होतं बरं झालं, सुतक आहे तर सुतक, मला जायला नको. मी हे लिहितेय कारण खरं तेच आहे, मी खूप घाबरले होते. एकटीने ती फट ओलांडायची, हातात पोर, गाडी बरोबर आहे का बघायचं... मिस्टरांकडे बघितलं तर ते केस काढलेले, धोतरात, कोपऱ्यात दिव्याजवळ बसलेले, त्यांच्याकडे बघून मलाच रडू येत होतं, त्यांना काय विचारणार.

शुक्रवारी हॉस्पिटलला जायचं तर सकाळी एक काम आधी घरी करायचं असतं. प्लास्टर कोमट पाण्यात भिजवायचं, मऊ झालं की कडेपासून पट्टी सोडवत आणायची, तिथे नवीन घालतात. आणि एकदा जुनं सोडलं की मग थांबता येत नाही. पाय मोकळा राहिला की वळलाच. बाहेरच्या खोलीत म्हातारे चहा पीत बोलत बसले होते. मी टब घेतला, पाणी गरम केलं, हात घालून बघितलं, आणि श्रावणीला मांडीवर घेऊन तिचा पाय त्यात सोडला. कोणाला विचारलं नाही. पाणी पांढरं व्हायला लागलं. सासूबाई आत आल्या, बघितलं आणि दारातच थांबल्या. "अगं काय केलंस हे?"

मी म्हटलं, "आई, प्लास्टर भिजलं. आता जायलाच पाहिजे."

बोलतानाही माझे हात पट्टी सोडवत होते. आतून पाय निघाला, बारीक, पांढरा, सालं निघालेला, आणि सरळ होता. जवळजवळ सरळ. सासूबाईंनी तो आधी बघितला होता तो जन्माला आली तेव्हाचा. त्या वाकल्या, एक बोट हळूच तळव्याला लावलं. बाहेर जाऊन मिस्टरांना काय सांगितलं माहीत नाही, पण मी निघाले तेव्हा खिळ्यावरची निळी पिशवी मिस्टरांनीच काढून दिली. "जमेल?" विचारलं. मी म्हटलं, "नाही माहीत." आणि निघाले.

आधी पिशवी, मग पोर, मग मी. चढले. ते कसं चढले मला आठवत नाही, मी मोठ्याने म्हणत होते बहुतेक, कारण दारातली बाई माझ्याकडे बघायला लागली. डब्यात जागा होती. मी पिशवी खिडकीजवळ ठेवली आणि शेजारी बसले, पोर मांडीवर. दहिसरच्या पुढे एक बाई आली, पिशवीकडे बोट दाखवून बोलली, "यहाँ कोई है क्या?" आणि माझ्या तोंडून गेलं, "हाँ, है." ती बिचारी उभी राहिली. बोरिवली गेलं, कांदिवली गेलं. मग माझ्या लक्षात आलं मी काय करतेय. खिडकीची जागा आत्यांची, म्हणून मी ती धरून ठेवली होती. मी पिशवी उचलली, मांडीवर घेतली, म्हटलं, "बैठो, कोई नहीं है." ती बसली. मी खिडकीबाहेर बघत राहिले, डोळे पुसायला हात नव्हता, एका हातात पोर, एका हातात पिशवी. पार्ल्याला वास आला तेव्हा मी श्रावणीला सांगितलं, घे वास.

दादरला उतरले. विचारत विचारत गेले. प्लास्टर झालं. डॉक्टर बोलले आता पुढच्या वेळी टाचेचा काप, आणि मग बूट, छान चाललंय. "आजी नाही आल्या आज?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते बोलले, "मग तुम्ही एकट्या आलात?" मी म्हटलं, "हो." हा शब्द मी मग परतीच्या पूर्ण रस्त्यात मनात बोलत होते. हो. एकटी. हो.

मी सरळ घरीच जाणार होते. सुतक, घरात माणसं, उशीर केला असता तर अजून ऐकावं लागलं असतं. पण दहिसर सुटलं, मिठागरं दिसायला लागली आणि मीरा रोड यायच्या आधी माझे पाय आपोआप उभे राहिले. उतरले. पूर्वेला बाहेर आले, नया नगरच्या रस्त्याला, तिथे कोपऱ्यावर चहाची टपरी, पांढऱ्या दाढीचे चाचा. "एक कटिंग," मी म्हटलं. त्यांनी प्लास्टर बघून विचारलं, "क्या हुआ बच्ची को, गिर गई?" मी म्हटलं, "नहीं चाचा, सीधा कर रहे हैं." ते बोलले, "अच्छा, अच्छा. हो जाएगा." आणि फडक्याने बाक पुसून दिलं. चहा आल्याचा, कडक, गोड जास्त. मी तो पूर्ण प्यायले, एक थेंब सांडला नाही. मीरा रोड झालं, आत्या.

घरी आले तर सासूबाई दारात. पहिलं वाक्य, "आधी अंगावर पाणी घे." मी पोर त्यांच्याकडे दिलं, आंघोळ करून आले. त्या श्रावणीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, प्लास्टरखाली ती उशी नीट लावून. माझ्याकडे न बघता बोलल्या, "कुठे उतरलीस?"

मी म्हटलं, "मीरा रोडला."

"एवढ्या जवळ? तिथे काय आहे?"

"चहा आहे. गोड आहे जरा."

"हं," त्या बोलल्या. मग श्रावणीला थोपटत, "वन्सं चहा गोडच प्यायच्या."

श्रावणीला आता बूट मिळालेत, दोन बुटांच्या मध्ये लोखंडी पट्टी, ती दोन्ही पाय एकदम वर उचलते आणि पट्टी फरशीवर आपटते, आत्यांच्या पातेल्यांसारखा आवाज होतो. हॉस्पिटल आता दर आठवड्याला नाही. पण मी पास बंद केलेला नाही. शुक्रवारी निळी पिशवी खिळ्यावरून काढते आणि आम्ही दोघी निघतो. भीती वाटते का, तर वाटते, अजूनही फट आली की मी मोठ्याने म्हणते, आधी पिशवी, मग पोर, मग मी. गाडीत बसले की पिशवी खिडकीजवळ ठेवते, आत्यांच्या जागेवर. भाईंदरलाच कोणी विचारलं, कोणी आहे का इथे, तर मी म्हणते, थांबा जरा, मीरा रोड येऊ दे. मीरा रोडला उचलते.